ओहोळाचं मौनव्रत

परसातल्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी आला होता, पोस्टमास्तरीणबाई आल्या होत्या, अर्धी गल्ली कुंपणावर रेलली होती. सगळ्यांचे डोळे तळ्याच्या दगडावरच्या खडूच्या रेघेवर खिळले होते. दगडी पायऱ्यांवरून ओहोळ खाली यायचा, या तळ्यात पडायचा आणि पंपाने परत वर चढायचा. वर्षभर रोज भरलं तरी तळं दिवसाला चार बोटं आटत होतं. गेल्या सात दिवसांत मात्र मिळून एकच बोट पाणी उतरलं होतं, आणि तेवढं तर ऊनही पितं.

“जल म्हणजे जिव्हा! जिव्हा म्हणजे जाणीव! आणि जाणीव म्हणजे...” तळ्याकाठी बसलेले महाराज क्षणभर अडखळले. “जल!” लोकांनी माना डोलावल्या. काहीच कळलं नव्हतं, म्हणजे नक्कीच खोल असणार.

मागे उभ्या गवंडीकाकांनी मात्र मान डोलावली नाही. दोन वर्षांपूर्वी हा ओहोळ त्यांनीच बांधला होता. पाणी आटतं म्हणून त्यांना दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा त्यांनी दगड ठोकून बघितले आणि “माझ्या कामातून थेंब गळत नाही” असं ठणकावून ते घरी गेले. मग घरच्यांनी महाराजांना आणलं. महाराजांनी डोळे मिटले आणि निदान केलं, की घरातल्या सुनेच्या पावलाला तहान आहे, ती बागेत फिरली की पाणी तिच्यामागे जातं.

सुनेला सात दिवस माहेरी धाडलं आणि पाणी आटायचं थांबलं. आता तिला कायमचंच धाडायचं घाटत होतं, आणि बागेकडची तिची हवेशीर खोली महाराजांना साधनेसाठी हवी होती. उरलेले कपडे न्यायला आलेली सून पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. तिचा नवरा जमिनीकडे बघत होता. काकांना त्याचा राग आला.

“काय रे बाळा, या सात दिवसांत ओहोळ वाहता होता का?” त्यांनी त्याला विचारलं.

“नाही काका. पाण्याला मौनव्रत द्या म्हणाले महाराज. पंप बंदच होता.”

“म्हणजे सूनही नव्हती आणि पंपही नव्हता. मग पाणी कुणामुळे थांबलं, हे ठरवलं कुणी?”

“परीक्षा घेतोस?” महाराज कडाडले.

“घेतो. वहिनी,” काका सासूबाईंकडे वळले, “दोन दिवस द्या मला. मग काय करायचं ते करा.”

सासूबाई घुटमळल्या. सुनेची त्यांना सवय झाली होती, पण भीतीही वाटत होती. शेवटी त्या म्हणाल्या, “दोनच दिवस हं.”

पहिल्या दिवशी पंप बंद ठेवला आणि सुनेला बागेत मनसोक्त फिरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाणी जिथल्या तिथे होतं. “माझ्या सात दिवसांचा प्रभाव अजून उतरलेला नाही,” महाराज म्हणाले. मग सुनेला माहेरी पाठवून काकांनी पंप सुरू केला, ओहोळ भरून वाहू लागल्यावर नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली गेलं होतं. पाणी उतरत होतं तेव्हा सून दुसऱ्या गावात होती.

मग नवऱ्यालाच वाचा फुटली. “महाराज, पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, पंप बंद असताना पाणी उतरतं का? मी नाही म्हणालो होतो. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं!”

महाराजांना अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. चपलांचा जोड सापडेपर्यंतसुद्धा ते थांबले नाहीत.

“पण काका, मग पाणी जातं कुठे?” शिंप्याने विचारलं.

काकांनाही तेच खात होतं. दगड शाबूत होते, सांधे घट्ट होते. त्यांची नजर तिसऱ्या पायरीपाशी गेली. सारी बाग उन्हाने करपलेली, आणि तिथलं गवत मात्र हिरवंगार. मागे दोनदा त्यांनी ते पाहिलं होतं आणि ‘माझ्या हाताला यश आहे’ म्हणून कौतुकाने पुढे गेले होते. ते गुडघ्यांवर बसले. बोट मातीत घातलं तर चिखल. दगडावरचा शेवाळाचा थर सोलला आणि त्यांचा चेहरा पडला.

पाणी मातीत जाऊ नये म्हणून दगडांखाली घातलेल्या काळ्या प्लास्टिकच्या जाड कागदाची कड उभी असायला हवी होती. ती आडवी मोडलेली होती.

गप्प बसता आलं असतं. महाराज पळालेच होते. पण सून पिशवी घेऊन माहेराहून नुकतीच फाटकातून आत आली होती. काकांनी एक भरलेली बादली मागवली, फडका भिजवला, त्याचं एक टोक पाण्यात सोडलं आणि दुसरं काठावरून बाहेर लोंबतं ठेवलं. जरा वेळात बाहेरच्या टोकातून टिपटिप सुरू झाली.

“बादलीला भोक नाही, बघा. हे शेवाळ म्हणजे हा फडका. पंप चालू असला की पाणी वर चढतं, शेवाळाला लागतं, आणि शेवाळ ते ओढून पलीकडच्या मातीत सोडतं. पंप बंद की ओहोळ रिकामा, मग ओढणार काय? काळी कड दिसायला वाईट, म्हणून ती मीच मोडून मातीखाली लोटली. चूक माझी आहे, पोरी. मी माझं काम तपासलं नाही, आणि गल्ली तुझी पावलं तपासत बसली.”

काकांनी तिथल्या तिथे कड उभी केली, मागून माती आणि दगडांचा टेकू दिला, आणि दर दोन महिन्यांनी काठावरचं शेवाळ छाटायला बजावलं. मग जमलेल्यांकडे वळून ते म्हणाले, “पुन्हा पाणी आटलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि रेघ मारून बघा. डोळे मिटून सांगणाऱ्याला विचारू नका, डोळे उघडून शोधा. आणि माणसाला घराबाहेर काढण्याआधी निदान एक दगड तरी उचलून बघा.”

सासूबाईंनी सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली. सुनेने चपला काढल्या, ती ओहोळात उतरली आणि तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. “आता मारा रेघ,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या समोर.”