गुपचूप ठेवलेल्या दोन काड्या

मी एक जुनी, वीतभर लांबीची लाकडी गव्हाण, म्हणजे गुरांना चारा घालायच्या पेटीची छोटी प्रतिकृती. पाय चार, त्यातला एक डुगडुगता. हसू नका मित्रांनो, वय झाले की तुमचेही डुगडुगतील!

या घरातले आजोबा सुतार होते. टेबल करून उरलेल्या फळीतून त्यांनी मला घडवले. वर्षभर मी माळ्यावर फाटक्या चादरीत पडून असते, कुणी ढुंकूनही बघत नाही. पण नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की माझा थाट बघावा! मला खिडकीशी मांडतात. बाळ येशूला जन्मल्यावर गव्हाणीतच निजवले होते. तो येणार, त्याचा बिछाना मऊ हवा, म्हणून घरातल्यांनी रोज एकेक चांगले काम करायचे आणि माझ्यात गवताची काडी ठेवायची. संध्याकाळी मेणबत्ती लावून सगळ्यांनी गाणे म्हणायचे. मात्र काम गुपचूप करायचे. सांगितले की काडी गेली!

घरातली दोन भावंडे, ताई आणि धाकटा, यांची यावरून भारी चुरस. ती भांडी घासून मुकाट, तो आईच्या चपला पुसून मुकाट. चेहरे असे साळसूद, की आईला हसू आवरायचे नाही.

त्या संध्याकाळी आईला कामावरून यायला उशीर झाला. आजोबांना साखरेचा आजार. जेवणाआधी त्यांना साखर उतरवणारी एक गोळी लागते आणि ती आईच देते. धाकटा दूध आणायला गेल्याचे पाहून ताईने डबीतली गोळी आजोबांना दिली, माझ्यात काडी ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात धाकटा परतला. इकडेतिकडे बघत त्यानेही गोळी काढली. आजोबांना हल्ली काही आठवत नाही. "शहाणं माझं लेकरू!" म्हणत त्यांनी तीही गिळली. माझ्यात दुसरी काडी पडली. भिंतींना कान असतात म्हणे. अरे, लाकडाला एखादे तोंड दिले असते तर कुणाचे काय बिघडले असते?

आई आली. जेवणाआधी मेणबत्ती लावली, गाणे सुरू झाले. दुसऱ्याच कडव्याला आजोबांचा आवाज थांबला. कपाळावर घाम फुटला, हात लटलट कापू लागले.

"बाबा! काय होतंय? गोळी घेतलीत का?"

आजोबांना आठवेना.

"राहिलीच वाटतं. साखर वाढली असणार," म्हणत आईने डबी उघडली आणि तिसरी गोळी तळहातावर घेतली.

ताईने ओठ घट्ट मिटले होते. धाकटा माझ्याकडे टक लावून बघत होता. बोला रे, कुणीतरी बोला! आईचा हात आजोबांच्या ओठांशी पोचला.

"आई, थांब! मी दिलीये गोळी!" ताई किंचाळली.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी पण दिली."

"अगं बाई!" आईच्या हातातून गोळी पडली. तिने धावत साखरपाणी आणले, घोट घोट पाजले. ताईने शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या घरातल्या चपलांवरच धावत आल्या. त्यांनी आजोबांची साखर तपासली, पुन्हा साखरपाणी दिले, पुन्हा तपासली. मेणबत्ती विझवायचेही कुणाला सुचले नाही.

"साखर फार उतरली होती," शेवटी त्या म्हणाल्या. "अजून एक गोळी गेली असती, तर..."

आजोबांचे हात थांबले, तेव्हा दोन्ही भावंडे माझ्यापाशी आली. रडत रडत आपापली काडी काढू लागली. धाकटा म्हणाला, "आम्ही सांगून टाकलं ना. गेल्या आमच्या काड्या."

"गेल्या तर गेल्या," आजोबा म्हणाले. त्यांनी शेजारी ठेवलेल्या गवताच्या पेंढीतून दोन नव्या काड्या ओढल्या आणि माझ्यात ठेवल्या. "ही तू बोललीस म्हणून. आणि ही तू बोललास म्हणून."

तेव्हा मित्रांनो, चांगली कामे गुपचूप जरूर करा. औषध मात्र मोठ्यांना विचारून आणि साऱ्या घराला सांगून द्या. काडी जाईल म्हणून गप्प बसू नका. माणूस राहिला, तर बिछाना पुन्हा भरता येतो.