कातळावर बसलेली गौर

रावेतकडून निगडीला जाताना उजव्या हाताला आमचा कातळ लागतो. त्यावर माती म्हणजे कपाळाला लावण्यापुरती. गुरं तिथं चरत नाहीत, नांगर चालत नाही. पण श्रावण सरता सरता त्याच्यावर असं काही उगवायचं, की माझी बायको कुशाबाई चुलीवरची भाजी जावेच्या हवाली करून तिकडं पळायची.

कधीकधी मीही तिच्यामागं जायचो. ती चपला पायथ्याशी काढून ठेवायची आणि फक्त काळ्या उघड्या दगडावर पाय द्यायची. बाकी सगळीकडं शेवाळ होतं, जाड, हिरवं, ओलं. त्यावर पाय पडला की ते सोलून निघतं आणि पुन्हा धरायला त्याला वर्षं लागतात, असं तिचं म्हणणं. शेवाळाच्या कडेनं पाणी झिरपायचं आणि त्या पाण्यात सीतेची आसवं फुलायची, निळीजांभळी, तांदळाएवढी.

"येवढी रडली बाई," ती पालथी पडून बघत म्हणायची, "आन् रामाला कुणी एक शब्द बोललं न्हाई."

पांढऱ्या गोंड्यांच्या गेंदाच्या फुलाला ती दौलतरावाचं टक्कल म्हणायची. दौलतराव माझा चुलत थोरला भाऊ. पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उठत होते, त्यातल्या एकात तो मुकादम झाला होता. गौरी जेवणाच्या दिवशी त्यानं आपल्या साहेबांना गावी बोलावलं होतं, आणि पंगत कातळावर घालायची त्याच्या मनात होती, कारण तिथून नदीचं वळण दिसतं. जागा पाहायला म्हणून नागपंचमीला तो नवे बूट घालून वर गेला. शेवाळावरून जो घसरला तो बसल्या बसल्या थेट कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यात. झोके खेळणाऱ्या सगळ्या बायका खालून बघत होत्या. कुशाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली.

त्या दिवसापासून शेवाळ दौलतरावाचं वैरी झालं.

गौरी यायच्या दिवशी दुपारी त्यानं आम्हा चार-सहा जणांना फावडी घेऊन वर नेलं. सगळा कातळ खरवडायचा, वर चुन्याचा हात मारायचा. भावकीत थोरल्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि कारखान्यात चिकटायचं माझ्याही मनात होतं. म्हणून मी फावडं धरून उभा. शेजारी दत्तोबा, बीडकडून आलेला, दौलतरावाच्याच हाताखाली कामाला.

दत्तोबानं पहिलं फावडं मारलं. तव्यावरून धिरडं सुटावं तसं शेवाळ सुटलं, फुलांसकट.

तेवढ्यात कुशाबाई टाक्याकडून आली. गावातल्या बाकीच्या गौरी नदीवरून येतात, आमच्या घराण्याची कातळावरच्या टाक्यातून. टाक्यातले खडे आणि काठचा तेरडा ताम्हनात घ्यायचा, तोंडात पाणी धरायचं आणि घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागं वळायचं नाही. बोललं की गौर परत फिरते म्हणतात. आणि वाटेत कुठं टेकवली, तर ती तिथंच बसली. मग बोळवणीपर्यंत तिला हलवायचं नाही.

गाल फुगवून, डोक्यावर पदर घेऊन ती आमच्यासमोर उभी राहिली. सोललेल्या शेवाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत ज्या शिव्या होत्या त्या मी आजवर कुणाला सांगितल्या नाहीत.

दौलतरावाला असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. "का गं? आज हसत न्हाईस? बोल की! सगळा कातळ बोडका करून टाकतो बघ. काय म्हणणं हाय तुझं?"

कुशाबाईचे कान लाल झाले.

"मुकादम, बाईमाणसाला तोंडात पाणी असताना छळू नये," दत्तोबा हळूच म्हणाला.

"तू फावडं मार रे!"

दत्तोबानं फावडं उचललं. कुशाबाई शेवाळाच्या मधोमध गेली, खाली वाकली आणि ताम्हन तिथं ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. मग वळली आणि तोंडातली चूळ दौलतरावाच्या बुटाला लागून टाकली.

"बसली," ती म्हणाली.

"कोण बसली?"

"गौर. भावजी, पायताण काढा. देवापुढं उभं हायसा."

दौलतराव ओरडला, "उचल ते ताम्हन!"

"मी कशाला? हात हायेत की तुमाला. तुमीच उचला."

दौलतराव दोन पावलं पुढं झाला, थांबला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सोनबा, उचल."

मी फावडं खाली ठेवलं आणि हात जोडले. हात जोडलेल्या माणसाला कुणी ताम्हन उचलायला सांगत नाही. आरडाओरडा ऐकून दौलतरावाची बायको दुर्गाबाई वर आली. तिनं गौरीसमोर डोकं टेकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बूट काढा आदी. घरात बरकत हाय ती बघवंना व्हय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांची पंगत मग पायथ्याला झाडाखाली झाली. वर काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पुरणपोळ्या मात्र मागून मागून खाल्ल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण कातळावर गौर बसली ही बातमी चिंचवडपर्यंत गेली. बाया ओट्या घेऊन आल्या, त्यांच्यामागं पोरं, पोरांमागं म्हातारे. फावड्यानं एका दिवसात झालं नसतं तेवढं वाटोळं भक्तांनी एका संध्याकाळी केलं. कुशाबाई काठी घेऊन उभी. "अगं बये, त्या काळ्या दगडावरनं ये! सीतेच्या डोळ्यात पाय घालशील!"

बोळवण झाली, ताम्हन रिकामं घरी आलं, तरी माणसं यायची थांबेनात. कुणी दगडाला शेंदूर फासला, कुणी नारळ फोडले, कुणी तेल ओतलं. तेल पडलं तिथलं शेवाळ काळं पडलं. कुशाबाई रोज वर जायची आणि घरी येऊन जेवायची नाही.

एका मंगळवारी तिनं आंघोळ करून केस मोकळे सोडले आणि थेट आरतीच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. "पहाटं सपनात आली हुती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणाली, कातळावर मला ऊन लागतं. मी खाली ऱ्हायला गेलेय. दौलतरावाच्या गोठ्यामागं, उकिरड्याशेजारी चाफा हाय, तितं."

गर्दी आरतीचं ताट घेऊन तशीच खाली उतरली. त्या रात्री दौलतरावाच्या म्हशीनं दूध दिलं नाही. पुढच्या मंगळवारी त्याच्या अंगणात चपलांचा ढीग होता, आणि दुर्गाबाई आलेल्या प्रत्येकीला चहा पाजत होती. दौलतराव शिफ्ट बदलून घेऊन दिवसभर कारखान्यातच राहू लागला.

आम्ही दोघं कातळावर गेलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. कुशाबाई राखेनं तेलाचे डाग टिपून काढू लागली. मी टाक्याचं पाणी आणून द्यायचो, ती ते उपटलेल्या जागांवर चुळक्याचुळक्यानं शिंपडायची.

"देवीच्या नावानं खोटं बोललीस," मी म्हटलं.

"तिला इचारूनच बोलले. म्हणाली, बाई, खोबरेल तेलाच्या वासानं माझं डोकं उठलंय, कुटं तरी घालव ह्यांना." तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला. "आन् तुमी तो डावा पाय उचला. शेवाळावर हाय."