चढावरचा आवाज

“मागे हे काय लावलंय, इस्त्रीचं टेबल?” डिकीवरच्या आडव्या पंखाकडे बोट दाखवत कथूरेनं विचारलं.

विकणाऱ्याच्या अंगणात अॅव्होकॅडोच्या झाडाखाली निळी सुबारू उभी होती आणि कथूरे तिच्याभोवती एक फेरी मारून आली होती. निघताना नवऱ्यानं, किनोतीनं, तिला सांगितलं होतं, चार दरवाज्यांची जुनी जपानी गाडी आहे, मागे जागा बरी आहे, किंमत आपल्या आवाक्यातली आहे. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त गाडी इतकी खाली बसवलेली आहे की तिच्याखालून कोंबडीसुद्धा वाकून जाईल, पुढच्या दोन्ही सीट माणसाला बरगड्यांपाशी घट्ट धरतात आणि सायलेन्सरचं तोंड दुधाच्या किटलीएवढं आहे, हे त्यानं गाळलं होतं.

“मकेनाचे बाबा, खाद्याची पोती आणायला गाडी हवी होती ना? का आता कोंबड्यांनाच शर्यतीत उतरवायचंय?”

“मागच्या सीटवर मावतील,” किनोती हळूच म्हणाला.

किनोती पाणीखात्यात मीटर वाचायचा. मेरू गावातून निघून कियोन्योच्या चढावरच्या शेवटच्या चहामळ्यापर्यंत त्याचा टापू होता. खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, वाकायचं, काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसायचा, आकडा टिपायचा, झाकण लावायचं, पुढचं घर. बरीच वर्षं हे पायी चाललं, नंतर कचेरीच्या पिकअपवर. आता निवृत्ती जवळ आली होती आणि वाकायची इतकी सवय झाली होती की माणसांशी बोलतानाही तो थोडा पुढे झुकायचा. त्यानं कधी कोणाला नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. साहेबांनी दुसऱ्याचा टापू दिला, हो. सासऱ्यांनी घरच्या कार्याची वर्गणी वाढवली, हो. कथूरे शाळेत शिकवायची आणि घरी कोंबड्या पाळायची. घरातले निर्णय तीच घ्यायची, कारण कोणीतरी घ्यायलाच हवे होते. फोनवर विक्रीची जाहिरात दिसली तेव्हा मात्र किनोतीनं तिला न विचारता गाडीच्या मालकाला फोन केला होता. ही गाडी त्याच्या ओळखीची होती. ते त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

मालक म्हणजे मुरुंगी, दोन एकर चहाचे शेतकरी आणि चर्चमधले ज्येष्ठ; वयाचा मान म्हणून सगळे त्यांना म्झे म्हणत. त्यांनी दोघांना ओसरीत बसवलं, थर्मासमधला चहा ओतला, उकडलेल्या अळकुड्या पुढे केल्या. गाडीबद्दल ते एखाद्या दूरच्या, नालायक नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत होते. गाडी मुलीची. वेगासाठी टर्बो मोठा बसवलेला आहे, स्प्रिंगा बदलल्या आहेत, इंजिनात काय काय केलंय ते तिलाच ठाऊक. सांगितलेल्या किमतीतही ते आणखी खाली यायला तयार होते. त्यांची एकच अट होती. लावलेलं सगळं काढून टाकायचं. चारचौघांच्या गाडीसारखी गाडी करायची. तो आवाज या रस्त्यावर पुन्हा यायला नको.

कथूरेला हे मनापासून पटलं. आम्हीही तेच करणार होतो, असं ती सांगत होती, तेवढ्यात आतून कुबड्यांचा आवाज आला.

मुलगी, एन्किरोते, तिशीच्या आतली असेल. चहाच्या कारखान्यात हिशेब बघायची. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिनं पाहुण्यांशी हात मिळवला, एक अळकुडी उचलली आणि किनोतीला विचारलं, “बॉनेट उघडून पाहिलं का?”

“ते सगळं काढायचंय त्यांना,” म्झे मुरुंगी म्हणाले.

“मग साधी गाडी घ्या की. रस्त्याला पैशाला पासरी आहेत.”

कथूरेनं तिच्या पायाकडे एकदा पाहिलं. ती शिक्षिका होती, आडून विचारणं तिला जमायचं नाही. “बाई, हे या गाडीतच झालं का?”

एन्किरोतेनं मान हलवली. गाडीत नाही. बाजारात जायला मोटारसायकलवाल्याच्या मागे बसली होती. तो बिचारा अगदी सावकाश चालवत होता. लाकडं भरलेली लॉरी वळणावर आत आली. “क्लचचाच पाय गेला,” ती म्हणाली आणि अळकुडीचं साल काढू लागली.

म्झे मुरुंगी अंगणाकडे बघत होते. ते बोलले ते पाहुण्यांशी नव्हतं. दर रविवारी मुलगी ही गाडी घेऊन निघायची, आधी वर टाकीपर्यंत एक फेरी, मग खाली माळावरच्या शर्यती. ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेले असायचे. तोंडात देवाचं नाव आणि कान रस्त्यावर. आज आवाज मध्येच थांबेल, असं दर वेळी वाटायचं.

“आणि त्या दिवशी गाडी दारात होती,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी निर्धास्त होतो.”

कथूरेनं कप खाली ठेवला. मग म्झेंनी किनोतीकडे वळून विचारलं, तर मग शब्द देता ना?

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो म्हणून गाडी न्यायची, पुढे काय करायचं ते आपल्या घरी. म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं, बायको खूश झाली असती. किनोतीनं तोंड उघडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं, “नाही, म्झे. मी काही काढणार नाही.”

कथूरेनं वळून नवऱ्याकडे पाहिलं.

“हो म्हणालो तर ते खोटं होईल. तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या.”

म्झे उठले. मग हा व्यवहार होत नाही, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं. चहा मात्र संपवून जा, म्हणाले. किनोतीही उठला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, पण त्याचा पाय निघेना. जे सांगायचं होतं ते त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुठून सुरू करावं ते कळेना.

तो सांगू लागला. चढावर मीटर वाचताना ही गाडी त्याला ऐकू यायची. आठवड्याचं काम मागे पडलं की तो रविवारीही वर यायचा, तेव्हा तर नक्कीच. झाकण हातात धरून तो तसाच उभा राहायचा, निळी गाडी झपकन निघून जायची. चालवणारी मुलगी आहे हे त्याला आजच कळलं.

म्झे मुरुंगी उभेच होते. त्यांनी विचारलं, “कुठपर्यंत ऐकू यायची?”

“शाळेच्या वळणापासून वरच्या टाकीपर्यंत. मध्ये एकदा दबायची, निलगिरीच्या झाडांमागे. मग परत वर यायची.”

“भीती नाही वाटली?”

किनोतीनं विचार केला. “नाही. कोणीतरी आपलं काम नीट करतंय, असं वाटायचं.”

एन्किरोतेनं मान खाली घातली. म्झे मुरुंगी आत गेले. ते आता परत येत नाहीत, असं वाटेपर्यंत वेळ गेला. आले तेव्हा हातात किल्ली होती.

“मी या गाडीत कधी बसलो नाही,” ते म्हणाले. “ती जायची तसं वर नेता येईल तुम्हाला?”

“मी शेजारी बसते,” एन्किरोते म्हणाली.

कथूरे ओसरीतच थांबली. मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन, टोपी मांडीवर ठेवून म्झे बसले. गाडी सुरू झाली तेव्हा किनोतीच्या पाठीला आधी कळलं, कानाला नंतर. पहिल्या वळणाला तो इतका हळू गेला की मागून आलेली प्रवाशांनी भरलेली मॅटाटू भोंगा वाजवत पुढे निघून गेली.

“दुसरा गिअर,” एन्किरोते म्हणाली. “आता सोडू नका. रस्ता पुढे उघडतो. आता वेग द्या.”

त्यानं दिला. दोन्हीकडचे चहाचे मळे मागे पळू लागले. ती हलक्या आवाजात सांगत होती, ब्रेक, आता नाही, आता, आणि तो ऐकत होता. त्यानं क्लच दाबला की तिची डावी मांडीही आपोआप दाबली जायची. ते त्याला दोनदा दिसलं, मग त्यानं तिकडे बघणं टाळलं. निलगिरीची झाडं आली, गेली. शेवटच्या चढावर त्याच्या लक्षात आलं की तो पुढे झुकलेला नाही. सीटनं त्याला ताठ धरलंय.

टाकीपाशी तो थांबला. इंजिन बंद केल्यावर एकदम शांत झालं.

“एवढंच?” म्झे मुरुंगींनी विचारलं.

“एवढंच, बाबा.”

ते टोपी हातात फिरवत राहिले. “मला काय काय वाटायचं,” ते म्हणाले. मग त्यांनी पुढे हात करून मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि परत येईपर्यंत तो तिथेच राहिला.

परतल्यावर व्यवहाराला वेळ लागला नाही. पैसे फोनवरून गेले, कागदावर सह्या झाल्या. कथूरे गाडीत बसली, बरगड्यांना लागतंय म्हणून दोनदा कुरकुरली, आणि मग कोणी न विचारता म्हणाली, “पोती मावतील मागे. आडवी घातली तर.” सीटबेल्ट ओढत म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंत, ते आवाजाचं?”

“तू हसली असतीस.”

“हसले असते,” ती म्हणाली. “मग काय झालं असतं?”

फाटक वळणालगत होतं, दोन्हीकडची वाहनं दिसत नसत. म्हणून म्झे मुरुंगी पुढे चालत जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. खालून चहाची पानं भरलेली लॉरी येत होती, ती थांबली. किनोतीनं गाडी बाहेर काढली आणि वळवून उताराला लावली.

कथूरेनं मान वळवून मागे पाहिलं. किनोती आरशातून बघत होता. कडक स्प्रिंगांमुळे आरसा थरथरत होता, पण दिसत होतं. रस्ता केव्हाच मोकळा झाला होता, तरी म्झे मुरुंगी दूर जाणारा आवाज ऐकत असल्यासारखे हात वर करून तसेच उभे होते. लॉरीवाला भोंगा न वाजवता थांबला होता. एन्किरोते कुबड्यांवर सावकाश त्यांच्यापर्यंत चालत गेली, एक कुबडी काखेत धरली आणि रिकाम्या हातानं तिनं वडिलांचा हात खाली घेतला.