सरांची नक्कल पाहिलेला पडदा

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांवर टाकलेला लाल मखमलीचा ढीग म्हणजे मी. मी रंगमंचाचा जुना पडदा आहे.

शिवणाच्या बाईंनी सुट्टीभर बसून मला शिवले. कापड इतके जाड होते की मशीनच्या सुया मोडल्या. मला टांगले त्या दिवशी मुलांनी उगाचच कितीदा तरी मला उघडले नि मिटले. तेव्हा माझी ऐट काही औरच होती. पुढे भाषणे, बक्षिसे, समूहगीते, सगळे माझ्यासमोर झाले.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो एकच कार्यक्रम. नववीच्या मुलांनी ठरवले, या वेळी मोठ्यांची लुडबुड नको. लिहायचे आपण, चाली लावायच्या आपण. आधी विनोदी प्रवेश, मग छोटी संगीतिका. सगळ्यांची पुढारी होती मैना. नकला हुबेहूब करायची, म्हणून तिला हे नाव पडले होते.

सगळ्यांत रंगायची ती गाण्याच्या सरांची नक्कल. सर चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसत. एक ओळ शिकवून झाली की पुन्हा तीच शिकवत. कधी दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट घालून येत. मैनेने यातले काही सोडले नव्हते.

"अगं, सरांना राग आला तर?" तालमीत मैत्रिणीने विचारले.

"येऊ दे की. उद्यापर्यंत विसरतील ते," मैना म्हणाली. मुले पोट धरून हसली.

कार्यक्रमाला सर पत्नीबरोबर पहिल्याच रांगेत बसले. मैना बुटांच्या विजोड जोडीत आली आणि सभागृह हसून लोटपोट झाले. सरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टाळ्या थांबल्यावर ते पत्नीकडे वळून म्हणाले, "बिचारा. याला घरी कोण नेतं गं?"

गाणाऱ्याचा आवाज तो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. कोणीतरी फिसकन हसले आणि मग सगळे गप्प झाले. मैना कपाळावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मुलांनी घाईने मला ओढून घेतले.

सरांच्या पत्नी मागच्या बाजूने आत आल्या. आता बोलणी बसणार, असे मैनेला वाटले.

"छान केलंस बाळ. अगदी असंच करतात ते घरी," त्या म्हणाल्या. "आजार आहे तो. वाढतच जाणार म्हणतात डॉक्टर. मी कोणाला कळू दिलं नव्हतं. रोज मीच त्यांना फाटकापर्यंत सोडायचे, न्यायला यायचे. वाटलं, निदान हे वर्ष तरी निघेल."

संगीतिका झाली, पण सुतकी चेहऱ्यांनी. हसायच्या जागा आल्या आणि गेल्या.

झाकली मूठ उघडली होती. थोड्याच दिवसांत सरांना घरी बसवले. मैना माफी मागायला त्यांच्याकडे गेली. परत आल्यावर माझ्या आडोशाला मैत्रिणीजवळ बसली.

"काय म्हणाले?"

"बसायला खुर्ची दिली. मला अहो-जाहो करत होते. मी माफी मागितली, तर म्हणाले, 'असू द्या. तुम्ही कोणाकडून आलात?'"

मैनेने माझ्या घड्यांत तोंड खुपसले आणि ती आवाज न करता रडली.

त्यानंतर तिने कुणाचीच नक्कल केली नाही. मुलांचे कार्यक्रम बंद झाले. सभागृहात परीक्षेची बाके आली आणि मला खाली उतरवले. आता छत गळते, उंदीर माझी किनार कुरतडतात. शिवणाच्या बाई कधीच निवृत्त झाल्या. माझी चौकशी करणारे कोणी उरले नाही.

मित्रांनो, जमले तर मला एकदा झटकून उन्हात टाका. नाही जमले तरी माझा रुसवा नाही. मी कापड आहे. माणसांना मात्र अडगळीत टाकू नका. हसा, जरूर हसा, पण ज्याला हसता त्याचे काय दुखते आहे, ते आधी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी तेच तेच पुन्हा विचारत असेल, तर तेच उत्तर पुन्हा द्या. आवाज न चढवता.