शिंतोड्यांची चिठ्ठी

‘अ‍ॅस्पर्शन’ या इंग्रजी शब्दाने कोशकार्यालयातल्या व्युत्पत्तिकारांना त्या सकाळी इतका आनंद दिला, की चहा निवून गेला. शब्दाचा अर्थ बदनामी. पण मुळातली लॅटिन क्रिया नुसती शिंपडण्याची! इंग्रजीतही आधी पाणीच शिंपडत, चिखल नंतर आला. आणि आपण तरी काय करतो? शिंतोडेच उडवतो. जुळावं म्हणजे किती!

आता अर्थाखाली एक उदाहरण हवं होतं. समोर ग्रंथपालबाई कपाट पुसत होत्या. व्युत्पत्तिकारांनी लिहून टाकलं : ‘ग्रंथपालबाईंच्या सचोटीवर शिंतोडे उडवण्यात आले.’

कार्यालयाची रीत अशी, की प्रत्येक शब्दाची चिठ्ठी सात टेबलांवरून फिरते. वाचायची आणि सही ठोकायची. तिसऱ्या टेबलाने विचारलं, "कुणी उडवले हो?" पाचवं आवाज खाली आणून म्हणालं, "उगाच कोण कशाला उडवेल?" सातवं टेबल संचालकांचं. त्यांनी सही केली, बाईंकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि पुस्तकांची मोजदाद लावली.

व्युत्पत्तिकारांच्या पायांना भिंगरी लागली. खिडकीपाशी, माठापाशी, पुन्हा खिडकीपाशी. बाई दोन महिन्यांनी निवृत्त व्हायच्या होत्या. चोर म्हणून घरी गेल्या तर? शेवटी ते संचालकांपुढे उभे राहिले.

"साहेब, ते नुसतं उदाहरण होतं. माझ्या मनचं."

"मलाही तसंच वाटलं होतं," संचालक म्हणाले. "पण आता मोजदाद थांबवली, तर लोक म्हणतील, दाबलं."

तिसऱ्या दिवशी मोजदाद संपली. एकही पुस्तक कमी नव्हतं. चार जास्त होती.

"जास्त?" पाचवं टेबल उडालंच. "मग ही कुठून उचलली बाईंनी?"

त्या रात्री व्युत्पत्तिकारांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आल्या आल्या त्यांनी सह्या होऊन परत आलेली चिठ्ठी आपल्या खणातून काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"बाई, हे माझे उद्योग."

बाईंनी वाचलं. त्यांच्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठी घेऊन त्या पहिल्या टेबलाशी गेल्या.

"ही सही तुमचीच ना? मग यात मी काय चोरलं, तेवढं वाचून दाखवा."

पहिल्याने वाचलं, घसा साफ केला, काही सापडलं नाही. दुसऱ्याचा चष्माच सापडेना. पाचव्याला बाईंनी दोनदा वाचायला लावलं, मोठ्याने. व्युत्पत्तिकार मागून चालत होते, लग्नात नको असलेल्या पाहुण्यासारखे. सातव्या टेबलाने न वाचताच खणातून किल्ल्या काढल्या.

"आणि ती चार पुस्तकं?" संचालकांनी चाचरत विचारलं.

"माझी. तुम्ही चार वर्षं मागवतो मागवतो म्हणत होतात, म्हणून घरून आणून ठेवली होती. आता परत नेते."

चारही पुस्तकं काखेत मारून बाई भर कार्यालयातून दाराकडे निघाल्या. सातही टेबलांनी पाहिलं. व्युत्पत्तिकार मात्र पाचव्या टेबलाच्या तोंडाकडे बघत राहिले. ते उघडायच्या बेतात होतं.