आभाराचा वाटा

रापण ओढताना ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा मिळतो. किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं ते लांबलचक जाळं सगळी वाडी मिळून ओढते, आणि मासळी सगळ्यांची होते. मालवणात मी हाच कायदा शिकले आणि तोच घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. मूर्ख मी.

तिथे माझं काम होतं कुजक्या बांगड्यावरच्या जिवाणूंवर. बांगडा कुजला की जो वास सुटतो, त्यातली काही रसायनं म्हणजे पॉलिअमाइन्स. आपण नाक दाबतो, जिवाणूंचं मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही. ती मिळाली नाहीत की त्यांची वाढ रखडते. वाडीतल्या बायका मला 'वासाची डॉक्टरीण' म्हणायच्या. माझे बाबा, गुणाजी, त्यावरही छाती फुगवायचे.

स्वतःची पॉलिअमाइन्स बनवता न येणारा जिवाणूंचा एक वाण मी खपून खपून तयार केला. तो नुसता रडतखडत जगत होता. एकदा दुसऱ्या जिवाणूंनी वापरून सोडलेलं पाणी गाळून त्याला घातलं, आणि पठ्ठ्या तरारून वाढला. शेजाऱ्यांनी बाहेर टाकलेली पॉलिअमाइन्स तो उचलत होता! हा शोध माझा होता, आणि माझी पीएचडी त्याच्यावरच उभी राहणार होती.

किरण शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचं काम अडलेलं, चेहरा उतरलेला. मला दया आली. मी त्याला माझा वाण दिला, आलेख दिले, रीत शिकवली. वाटलं, आता त्यानेही दोर धरला, दोघांची नावं येतील. आमच्याकडे दोर धरण्याआधी कोणी 'माझा वाटा लिहून द्या' म्हणत नाही.

२००७ च्या मार्चमध्ये लेख छापून आला. नावं दोनच, आमचे मार्गदर्शक सर आणि किरण. माझं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आभारात.

"अगं, आभार मानलेत ना तुझे?" सर म्हणाले. "हे काम आता किरणच्या प्रबंधात जाईल. तू नवा विषय घे."

शिष्यवृत्ती संपत आलेली आणि म्हणे नवा विषय! किरण खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बॅग भरली आणि मालवणची एसटी धरली.

घरी पोचले तेव्हा रापण नुकतीच किनाऱ्याला लागली होती. रापणीचा म्होरक्या भिकाजी तांडेल वाळूत वाटे मांडत होता. फोटोपुरता दोर धरलेल्या एका पर्यटकापुढेही त्याने बांगडे टाकले. बाबांनी हात लुंगीला पुसून माझ्याकडून लेख घेतला.

"खंय आसा तुझा नाव?"

मी शेवटचं पान काढून दिलं.

"इतक्या शेवटाक कित्याक?"

"आभार मानलेत, बाबा."

"आनी वाटो?"

"नाय."

त्यांनी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अगो, रापणीर कुत्रो येता, तेका पण आमी बांगडो घालतंव. नुसते आभार मानून आमी कोणाक धाडूक नाय."

तेव्हा मला रडू फुटलं. पुण्यात एक टिपूस काढलं नव्हतं.

डोळे पुसते तोच मोबाइल वाजला. सर होते, आवाजात साखर.

"अक्षदा, किरणकडे तो वाण मेला गं. त्याने फ्रीजरमध्ये साठवलेल्या नळ्यांतलाही जिवंत होत नाही. पुढचं सगळं काम अडलंय. तू तो कसा जगवायचीस, तेवढं सांग. पुढच्या लेखात तुझं नाव घालू, शिष्यवृत्तीचंही मी बघतो."

वाण साठवताना मी त्यात बांगडा उकळून गाळलेल्या पाण्याचे थेंब टाकायची. उपाशी जिवाला तेवढी शिदोरी पुरायची. किरणने कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला ते ठाऊक नव्हतं. आता एवढं सांगितलं असतं, तर बुडालेली पदवी कदाचित हाताला लागली असती. मला ती हवी होती, अजूनही हवी आहे.

समोर तो पर्यटक पिशवीत बांगडे भरत होता. बाबांच्या हातात ते शेवटचं पान तसंच उघडं होतं.

"फोन केलात, सर," मी म्हणाले, "त्याबद्दल आभार."

आणि फोन बंद केला.