सात वेळा धुतलेली चकती

कझाकस्तानातल्या कारागंदाच्या रसायन संस्थेत मी सव्वीस वर्षं पॉलिमर धुतले. बनवायच्या राउशान आपाय; मोठ्या बाईंना आमच्याकडे आपाय म्हणतात. धुणं, सुकवणं आणि दाबून चकती करणं माझ्याकडे. त्यांच्या पॉलिमरच्या लांब साखळीत दर कडीला लोखंडाचा एक अणू होता. या साखळीतून वीज वाहते, एवढ्यावर त्यांची डॉक्टरेट उभी होती. अकरा वर्षं गेली होती त्यात.

शहाऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. परीक्षक यायला नऊ दिवस होते. नमुना देखणा दिसावा म्हणून नेहमीसारखा तीनदा न धुता मी सातदा धुतला. मापनाच्या खोलीतल्या वोलोद्यानं चकतीला तारा जोडल्या.

"झिबा, तुझी चकती वारली. जेवण कधी घालतेस?"

"तारा नीट लाव, टवाळा."

त्यानं पुन्हा लावल्या. काटा हलला नाही.

आपाय आल्या. "किती वेळा धुतलंस गं?"

"सात."

धुवण मी फेकलं नव्हतं. आपायांनी त्यात अमोनिया टाकला. हळूहळू निळा रंग चढला. तांबं. पॉलिमर बनवताना चिमूटभर तांब्याचा क्षार घालावा लागे. तोच आत राहत होता, वीजही तोच वाहून नेत होता. साखळी नाही.

वोलोद्या म्हणाला, "जुनी चकती आहे ना कपाटात? तीच मांडा. परीक्षक काय धुणं धुवायला येतायत?"

आपायांनी चहात दूध घातलं. बशीतला बाउर्साक, तळलेल्या पिठाचा गोळा, मोडला, खाल्ला नाही.

"झिबाश, तू काय म्हणतेस?"

"मी धुणारी बाई, आपाय. सांगाल ते नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहीन."

त्यांनी कप बाजूला सारला.

"सात लिही. आणि काटा हलला नाही, तेही लिही."

मी लिहिलं. त्यांनी फोन उचलला आणि परीक्षा रद्द करायला सांगितली, कुणाला वेळ विचारावी तशा आवाजात. मग मला म्हणाल्या, "भांडी आवर."

मी भांडी घासली. रडू आलं नाही. त्यांनाही नाही.

पुढे पाच वर्षं, त्या निवृत्त होईपर्यंत, आम्ही नवनवे पॉलिमर केले. एकाचाही काटा हलला नाही. दर वेळी आपाय विचारायच्या, "किती वेळा धुतलंस?"

मी सांगायची, "सात."

"बरं," म्हणायच्या, आणि पुढची कुपी उचलायच्या.